सुकती चुकली तेव्हा

नमस्कार, श्रोते हो.

आम्हा गोवेकरांना नदी म्हणजे फेरीबोटीत उभं राहून ओलांडायची गोष्ट. स्कूटर लावली, मोबाईल काढला, पलीकडे पोचलो. मीही आयुष्यभर तेच केलं. गेल्या पौष पौर्णिमेला मात्र तेरा वर्षांच्या लेकीबरोबर दोन माणसांच्या कॅनूतून निघालो. नार्व्याच्या धक्क्यावरून सुरुवात, दिवाडी आणि चोडण या बेटांमधल्या मांडवीच्या पात्रातून खाली, रात्री दिवाडीच्या बांधावर मित्राच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी रायबंदर. कुंभारजुव्याचा कालवा मुद्दामच टाळला. तिथे मगरी आहेत आणि घरातून परवानगी मिळायची होती.

लेकीने, म्हणजे आमच्या बायने, भरती-ओहोटीचं कोष्टक वहीत उतरवून घेतलं होतं. पौर्णिमेचं उधाण, अकराच्या सुमारास भरती पूर्ण, मग सुकती, म्हणजे पाणी समुद्राकडे ओढणार. "बाबा, साडेअकराला पाण्यात."

मी हो म्हटलं आणि तिला सप्तकोटेश्वराला घेऊन गेलो. मूळ देऊळ पलीकडे दिवाडीवर होतं, पोर्तुगिजांनी ते पाडलं, देव नदीपार नार्व्याला आला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला, हे सगळं मी रंगवून सांगितलं. तिचा एकच प्रश्न: "देवाला होडीतून आणला तेव्हा भरती होती की सुकती?" मला काय ठाऊक! वर भाजी-पाव झाला, एका ओळखीच्या माणसाशी गप्पा झाल्या. वल्हं पाण्यात पडलं तेव्हा अडीच वाजले होते.

पहिला तास झकास गेला. नंतर पाणी उतरत गेलं, आणि काठाकाठाने जाण्याच्या माझ्या हुशारीपायी पाचच्या आधीच कॅनू चिखलात बसली. मांगर समोर दिसत होता, दोनशे पावलांवर. मी उतरलो तो गुडघ्यापर्यंत आत. पाय निघाला, चप्पल नाही निघाली.

"बसा वर," ती म्हणाली. "दीड-दोन तास लागतील."

बसलो. करायला काहीच नव्हतं, म्हणून पाहत राहिलो. खारफुटीची मुळं चिखलातून वर आलेली, कुणी पेन्सिली उलट्या खोचून ठेवाव्यात तशी. त्यांच्यामधून निवट्या सरपटत होत्या, मासा असून पाण्याबाहेर, डोळे डोक्यावर. एक निवटी माझ्या चपलेच्या खड्ड्यापाशी आली, आत डोकावली आणि दुसऱ्या निवटीने तिला हाकलून दिलं. जागेवरून भांडण! आम्ही दोघं इतके हसलो की कॅनू हलली. तेवढीच हलली.

सूर्य मावळला आणि दिवाडीच्या डोंगरामागून चंद्र वर आला. मग चिखलातल्या एकेका भोकातून बुडबुडे फुटायला लागले. पाणी कुठून येतंय ते दिसत नव्हतं. फक्त कॅनूचा तळ एका क्षणी सुटल्यासारखा वाटला. पावणेसातला आम्ही तरंगलो.

मांगराशेजारीच खाजनाचं मानस होतं. श्रोत्यांपैकी शेतकऱ्यांना हे सांगायची गरज नाही, शहरातल्यांसाठी सांगतो. खाजन म्हणजे नदीकाठची बांध घातलेली शेतजमीन, आणि मानस म्हणजे त्या बांधातलं लाकडी दार. नदीचं खारं पाणी चढलं की त्याच्या दाबाने ते मिटतं, शेत वाचतं. सुकती लागली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. माणसाने उठायचीसुद्धा गरज नाही. मध्यरात्रीनंतर कधीतरी त्या फळ्या करकरल्या. मी दचकून उठलो, पाहतो तर बाय जागीच. टॉर्चच्या उजेडात वहीत वेळ लिहीत होती.

"दार उघडलं," ती म्हणाली. "म्हणजे उद्या दुपारी बाराच्या पुढे निघायचं. रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर होतो ना."

दुसऱ्या दिवशी बाराला मी एका पायात चप्पल घालून दुसरी चिखलात शोधत होतो. नदीकडून बायचा आवाज आला: "बाबा, सुकती लागल्या!"

चप्पल तिथेच आहे.