उघडणारा टॉर्च

(लेथचं चक फिरतंय. शेजारी मळकट कापडावर टॉर्च.)

सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतलं हे छोटं वर्कशॉप. रोजचं काम पंपांच्या सुट्या भागांचं. आज मिस्त्रींच्या पुढ्यात एक टॉर्च आहे, वीतभरही नाही. तो इथं बनलेला नाही. पण ॲल्युमिनियमचं काम नीट झालंय की नुसतं चकचकीत केलंय, हे लेथवर हयात गेलेल्या माणसालाच विचारावं. किर्लोस्करांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी १९१० साली वसली ती याच सांगली जिल्ह्यात. असा माणूस शोधायला आम्हाला लांब जावं लागलं नाही.

आधी बोटं फिरतात. अंगावरच्या या तिरप्या खाचा म्हणजे नर्लिंग. हात चिखलाने बरबटले तरी पकड सुटू नये म्हणून. मिस्त्री कडेवरून नख ओढतात. बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची खरखरीत कड, कुठंच लागत नाही. "कापणाऱ्या टूलला धार होती," एवढंच बोलतात.

(मागचं झाकण फिरतं. जवळून.)

आट्यांची टोकं बघा, चपटी आहेत. सारखी उघडझाप झाली की टोकदार आटे लवकर झिजतात, हे टिकतात. आणि नळीच्या काठावर ही चंदेरी रिंग. बाकी सगळं अंग काळं, तेवढीच जागा उघडी. रंगवायची राहून गेलेली नाही. काळा थर हार्ड ॲनोडायझिंगचा, म्हणजे ॲल्युमिनियमवरच विजेने चढवलेल्या कठीण ऑक्साइडचा आहे; ओरखड्याला दाद देत नाही, पण त्यातून वीजही जात नाही. या टॉर्चमध्ये परतीची वायर नाही. सेलचा प्रवाह नळीच्या अंगातूनच फिरतो, म्हणून झाकण जिथं टेकतं तिथं धातू उघडा ठेवलाय. आटे मात्र मुद्दाम काळेच. झाकण पाव फेरा सैल केलं की सर्किट तुटतं. मग खिशात बटण दाबलं गेलं तरी टॉर्च पेटत नाही, सेल उतरत नाही.

आट्यांच्या पायथ्याशी रबराची ओ-रिंग. पाणी अडतं ते हिच्यामुळे. कोरडी पडली की चिरते. मिस्त्री तिला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावतात. घरातलं खोबरेल चालणार नाही, असं बजावतात. हे दृश्य जरा लांबलंय. ठेवलंय.

सेल निघाला. त्याचं नाव १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. ठरलेल्या मापाचाच आहे, त्यामुळे कुठल्याही चांगल्या कंपनीचा बसतो.

(पुढचं डोकं सुटतं.)

तांब्याची चकती, तिच्यावर मसुराएवढा एलईडी. निळा उजेड देणारी चिप, वर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्या उजेडाने स्वतः पिवळं उजळणारा लेप; दोन्ही मिळून पांढरं. या निळ्या एलईडीसाठीच २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना मिळालं. पण मिस्त्रींची नजर चकतीखाली आहे. एलईडी तापतो. ती उष्णता तांब्यातून अंगात आणि अंगातून हातात आली पाहिजे. टॉर्च हाताला गरम लागतो म्हणून लोक तक्रार करतात; गार राहिला तर खरी काळजी. खोक्यावरचा ल्युमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, आकडाही जपून वाचावा. 'एफएल १' या अमेरिकी मानकात उजेड मोजतात तो पेटवल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या आत. पुढं तापला की सर्किट स्वतःच उजेड उतरवतं.

(दुसरा टॉर्च. करवत.)

हा चार्जिंगचा, प्लास्टिकचा, तालुक्याच्या बाजारात ढिगाने मिळणारा. आटे नाहीत, स्क्रू नाही, डोकं चिकटवलेलं. उघडायला करवतच लागली. आत शिशाचा छोटा सेल, मेलेला. मिस्त्रींनी बाहेरून वीज दिली आणि एलईडी लख्ख पेटला. स्विचही ठणठणीत. म्हणजे फेकून दिला तो एका सेलपायी, आणि तो बदलायची वाटच ठेवलेली नव्हती. असा माल विकायला परवानगी कशी मिळते, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

(रात्र. वाळव्याकडचा उसाचा फड. पाट.)

शेतीच्या लाईटची पाळी रात्रीची. शेतकरी दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, निघालेत. उसात घोणस असते, शिराळा-कराड पट्ट्यात बिबट्याही. टॉर्च मिटला की माणूस अडकतो.

खोऱ्याला दोन्ही हात लागतात. मग टॉर्च धरायचा कुठं? बरेच जण दातात धरतात. मिस्त्रींनी उघडलेल्या पहिल्या टॉर्चची क्लिप उलटी बसवता येते, ती टोपीच्या काठाला अडकवली की उजेड थेट सरीत पडतो. बूड सपाट आहे, त्यामुळे मोटरच्या पेटीवर उभाही राहतो आणि फ्यूज बघायला पुरतो. क्लिप मात्र नुसती दाबून बसवलेली आहे, वाकली की पकड जाते. मिस्त्री म्हणाले, इथं दोन स्क्रू द्यायला हवे होते.