आपलं इथं कोण आहे?

मंडळी, नमस्कार.

गेल्या मंगळवारी आमच्या धाकट्यानं शाळेतून फॉर्म आणला. आईबाबांचा फोन लागला नाही तर कुणाला कळवायचं? याच शहरात राहणाऱ्या एकाचं नाव हवं होतं. मी एक नाव सुचवलं, ही म्हणाली, "त्यांच्याकडे दिवाळीनंतर गेलोय कुठं आपण?" हिनं दुसरं सुचवलं, मी म्हटलं, त्यांना कशाला त्रास. आवाज चढले. तेवढ्यात पोरगा म्हणाला, "आजीच्या शेजारच्या अक्कांचं लिहू?"

आम्ही दोघंही गप्प झालो.

आजीचं घर निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठाला. २०१९ चा ऑगस्ट तुम्हाला सांगायला नको. यमगर्णीला हायवेवर पाणी, आणि आपण सगळे इथं, गावापासून दूर, फोन कानाला लावून. आईचा फोन दीड दिवस लागला नाही. मी कंट्रोल रूमला, कोल्हापूरच्या मामेभावाला, दिसेल त्या नंबरला फोन करत होतो. ती मात्र केव्हाच माळावरच्या शाळेत पोचली होती.

पहाटे अक्कांनी दार बडवलं, "नीर बंतु, एळ्री!" म्हणजे पाणी आलं, उठा. चाळीस वर्षांत आईला कन्नड धड आलं नाही, पण तेवढं कळलं. बीपीच्या गोळ्या पिठाच्या डब्यावर असतात, हे अक्कांना ठाऊक होतं. मागच्या खोलीतल्या आजोबांना हाका मारून उपयोग नाही, हलवूनच उठवावं लागतं, हेही. अक्कांच्या लेकानं म्हशीचं दावं सोडत न बसता विळ्यानं कापलं. बोट आली दुपारी. बोटीवाल्यांनी विचारलं, आत कोण राहिलंय? त्याचं उत्तरही गल्लीलाच माहीत होतं.

पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल. भिशीच्या बायकांनी ठरवलं, ज्यांची घरं बुडाली त्यांनी आधी उचलायची. सरकारी मदत खात्यावर यायच्या आधी आईची चूल पेटली ती त्या पैशांवर. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी चढलं, तेव्हा म्हैस आदल्या रात्रीच माळावर होती.

शेजार जीव वाचवतो, हे दूरदेशीही दिसलंय. शिकागोत जुलै १९९५ मध्ये उष्णतेच्या लाटेनं ७०० हून अधिक माणसं गेली. एकटी राहणारी म्हातारी माणसं त्यांत फार. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानं लगतच्या दोन वस्त्या पाहिल्या. गरिबी दोन्हीकडे, एकटे म्हातारेही दोन्हीकडे. पण जिथं दुकानं चालू होती, रस्त्यावर जाग होती, तिथं मृत्यू कितीतरी कमी झाले. म्हाताऱ्यांना घराबाहेर पडावंसं वाटत होतं. हे वाचल्यापासून मला आपल्या काकू आठवतात. काका गेल्यावर त्यांनी आपल्या मराठी मंडळात येणं सोडलं. आपल्यापैकी किती जण त्यांच्या दारात गेलो? मी नाही गेलो.

एकोप्याची दुसरी बाजूही बोलायला हवी. २००४ च्या त्सुनामीनंतर डॅनियल आल्ड्रिच या राज्यशास्त्रज्ञानं तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अभ्यास केला. मच्छीमारांच्या जातपंचायती बळकट होत्या तिथं मदत चांगली पोचली. पण याद्या त्याच पंचायतींच्या हातात, म्हणून दलित आणि विधवा बाहेर राहिल्या. मंडळी, आपली यादी तरी कसली आहे? वर्गणीची. नुकती आलेली पोरं त्यात नाहीत. आमच्या मागच्या गल्लीत धारवाडचं एक कुटुंब राहतं, ते कन्नड संघात जातं म्हणून आपण त्यांना हळदीकुंकवालाही बोलावत नाही. सीमेचा प्रश्न माझ्याही काळजाचा आहे, त्यासाठी माझे वडील तुरुंगात गेले होते. तरीही त्या पहाटेचं ते दार माझ्या कानातून जात नाही.

आणि खरी काळजी वेगळीच आहे. अक्का आता सत्तरीच्या पुढं गेल्या. दावं कापणारा लेक बेंगळुरूला असतो. गल्लीतली निम्मी घरं कुलूपबंद, त्यातल्या एकाची किल्ली इथं माझ्या कपाटात. परवा आई फोनवर म्हणाली, "औंदा पाणी आलं तर अक्काला कोण उठवायचं, ते बघायलोय आम्ही." मला उत्तर देता आलं नाही.

फॉर्म सोमवारी द्यायचा आहे. पोरानं त्या ओळीवर पेन्सिलनं अक्कांचं नाव आणि निपाणीकडचा नंबर लिहिलाय. आम्ही अजून खोडलेलं नाही.