पेचकस ज्याच्या हातात
(अमळनेर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, कापसाच्या हंगामात काट्यापाशी उभं राहून आकड्याकडे संशयाने पाहिलं नाही असा माणूस या सभागृहात सापडायचा नाही. घरचा कापूस घरीच मोजून आणलेला असतो, आणि व्यापाऱ्याचा काटा क्विंटलमागे दोन किलो खातोय असं वाटलं की आपला शेतकरी पहिला प्रश्न विचारतो, काट्यावर शिक्का कधीचा आहे? मापात पाप आपण खपवून घेत नाही. यामागे कायदाही आहे, 2009 चा वैधमापनशास्त्र अधिनियम. त्याच्या 23 व्या कलमाप्रमाणे वजन-माप बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला परवाना लागतो, तसा दुरुस्त करणाऱ्यालाही लागतो. काटा बिघडला म्हणून कोपऱ्यावरच्या टीव्ही रिपेअरवाल्याला बोलावून तो उघडता येत नाही. परवाना असलेलाच माणूस यावा लागतो, आणि त्याचं काम झालं की निरीक्षकाने तपासून नवा शिक्का मारल्याशिवाय त्या काट्यावर तोलायचं नाही.

मी महसूल खात्यात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं निवडणूक शाखेत गेली. त्या सगळ्या काळात एक प्रश्न माझ्या मनात राहिला, आणि तोच घेऊन आज आलो आहे. कापूस तोलायच्या काट्याला हात लावणाऱ्याची सरकारदरबारी नोंद असते. मग मत मोजणाऱ्या मशीनला हात लावणारा माणूस कोण, कुठला, कुणाच्या पगारावर, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल?

मी मशीनच्या विरोधात नाही. मतपत्रिकांचे गठ्ठे मोजत दोन-दोन रात्री जागवलेला माणूस आहे मी, आणि मतपेटीत शाई ओतलेलीही पाहिली आहे. आपल्याकडे ही मशीन सार्वजनिक क्षेत्रातल्या दोनच कंपन्या बनवतात, बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन. मशीनला इंटरनेट नाही, बाहेरचा कुठलाही संपर्क नाही. हे सगळं मी मान्य करूनच बोलतो आहे.

मशीनची आपण काळजी किती घेतो, ते नंदुरबार जिल्ह्यात जाऊन बघा. अक्कलकुवा हा राज्यातला एक नंबरचा विधानसभा मतदारसंघ. त्यातल्या मणिबेलीला, नर्मदेच्या काठावर, मतदान पथक सरदार सरोवराच्या पाण्यातून नावेने जातं. पेट्या मांडीशी धरून माणसं बसलेली, सोबत पोलीस, प्रत्येक पेटीचा नंबर कागदावर. कुठलं मशीन कुठल्या केंद्रावर जाणार ते संगणक दोनदा सरमिसळ करून ठरवतो. मतदानादिवशी सकाळी उमेदवारांच्या एजंटांसमोर किमान 50 मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणीचं, मतदान होतं. शेवटी 17-सी नमुन्यात किती मतं पडली ते लिहून एजंटाच्या हातात प्रत जाते. मशीनच्या प्रवासातलं एक पाऊलही कागदाशिवाय पडत नाही.

आता माणसाकडे या. निवडणुकीच्या आधी जिल्ह्याच्या गोदामात प्रथमस्तरीय तपासणी होते, आम्ही तिला एफएलसीच म्हणायचो. मशीन बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर येतात. ते कंट्रोल युनिटचं, म्हणजे मतं साठवून मोजणाऱ्या भागाचं, झाकण उघडतात, आतले भाग पक्षप्रतिनिधींना दाखवतात, प्रत्येक बटण दाबून पाहतात. काही मशीनवर तर हजार, बाराशे मतं टाकून बघतात. सगळं ठीक असेल तर गुलाबी कागदी सील लागतं, त्यावर प्रतिनिधींच्या सह्या होतात. जे मशीन नापास होतं ते कारखान्याकडे परत जातं. गोदामाच्या दारावर झडती असते, मोबाइल बाहेर ठेवावा लागतो.

अशाच एका तपासणीतली गोष्ट सांगतो. गाव आणि साल सांगत नाही. सकाळी साडेदहाला पाच-सहा मुलं आली. त्यांतला एक माझ्या टेबलाजवळच बसला. असेल तेवीस-चोवीस वर्षांचा, शर्टाच्या खिशात लाल मुठीचा पेचकस, गळ्यात प्लास्टिकचं ओळखपत्र. हात असे चालत होते की पाहत राहावं. चार स्क्रू काढायचा आणि झाकणातच नीट मांडून ठेवायचा, एकही टेबलावर लोळला नाही. मी सहज विचारलं, कंपनीत कधीपासून? तो म्हणाला, साहेब, कंपनीत नाही, एजन्सीकडून आलोय, दोन महिन्यांचं काम आहे. पगार कोण देतं? तर आणखी एक नाव सांगितलं, ते एजन्सीचंही नव्हतं. मी यादी काढली. यादीत त्याचं नाव होतं, ओळखपत्रही जुळत होतं. पण यादीत नावापुढे दुसरं काही नव्हतं. त्याच्या गावच्या पोलीस ठाण्याने चारित्र्य पडताळणी केली का, याआधी तो कुठे होता, दोन महिन्यांनी कुठे जाणार, यातलं काहीच नाही. मी वरिष्ठांना विचारलं तेव्हा उत्तर आलं, ते कंपनीने बघायचं. कंपनीच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, ते एजन्सीने बघायचं.

पक्षप्रतिनिधींच्या खुर्च्या तोपर्यंत निम्म्या रिकाम्या झाल्या होत्या. चहा झाला, सह्या झाल्या, मंडळी निघाली. एकटे एक जिभाऊ बसून होते, जुने कार्यकर्ते, दोन तास गप्प. निघताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सायेब, पेटीले सील करतस ते बरं शे, पन पेटी उघाडनारा कोन शे?"

तो प्रश्न मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरतो आहे. 2019 च्या लोकसभेनंतर बातम्याही आल्या, की निवडणुकीच्या कामासाठी खासगी कंपनीमार्फत कंत्राटी इंजिनिअर घेतले होते. निवडणूक आयोगाने त्याआधी तसं काही नसल्याचं सांगितलं होतं. खरंखोटं यादी समोर ठेवली की एका दिवसात कळलं असतं. ती यादी लोकांसमोर नसते, म्हणून वाद वर्षानुवर्षं चालतो.

जगात हे घडलं आहे, आणि प्रत्येक वेळी निराळ्या वाटेने. अमेरिकेत 2004 साली ओहायो राज्यातल्या हॉकिंग काउंटीत फेरमोजणीच्या आधी मशीनवाल्या खासगी कंपनीचा तंत्रज्ञ निवडणूक कार्यालयात आला आणि मोजणीच्या संगणकावर काम करून गेला. तिथल्या उपसंचालक बाईंनी ते पाहिलं आणि प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं, तेव्हा जगाला कळलं. 2018 मध्ये मेरीलँड राज्याला एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने, येऊन सांगितलं, की तुमची मतदार नोंदणीची यंत्रणा ज्या खासगी कंपनीच्या सर्व्हरवर आहे तिच्या मालकीत रशियन धनाढ्याचा पैसा आहे. राज्याला पत्ताच नव्हता. आणि 2021 मध्ये कोलोरॅडोच्या मेसा काउंटीत मशीनचं सॉफ्टवेअर अद्ययावत करायच्या वेळी एक बाहेरचा माणूस दुसऱ्याच स्थानिक माणसाच्या नावाचं ओळखपत्र लावून आत गेला. कॅमेरे बंद होते. त्याला आत घेणारी तिथली मुख्य निवडणूक अधिकारीच होती, आणि 2024 मध्ये ज्युरीने तिला दोषी ठरवलं. हे तिसरं उदाहरण मी मुद्दाम सांगतो, कारण मी स्वतः अधिकारी होतो. तपास बाहेरच्या माणसाचा करायचा तसा त्याला दार उघडणाऱ्याचाही करावा लागतो.

आपल्याकडे कुणी म्हणेल, मशीनमधला प्रोग्राम एकदाच लिहिला जातो, इंजिनिअरला तो बदलता येत नाही, मग त्याची एवढी चौकशी कशाला? पण व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची कागदी चिठ्ठी दाखवणारं यंत्र, आल्यापासून इंजिनिअरचं काम वाढलं आहे. उमेदवार ठरल्यावर नावं आणि चिन्हं व्हीव्हीपॅटमध्ये भरावी लागतात, लॅपटॉपवरून एका हातात मावणाऱ्या यंत्रात आणि त्यातून व्हीव्हीपॅटमध्ये. ही फक्त माहिती आहे, प्रोग्राम नाही, असं आयोगाने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं आणि न्यायालयाने ते मान्यही केलं. तरीसुद्धा 26 एप्रिल 2024 च्या निकालात न्यायालयाने हुकूम दिला, की ते चिन्ह भरायचं यंत्र सील करून निकालानंतर 45 दिवस जपून ठेवा. यंत्र जपायचं ठरलं. ते ज्याने वापरलं त्या हाताची नोंदही तितकीच जपावी, एवढंच माझं मागणं आहे.

त्याच निकालाने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून, खर्च भरून, पाच टक्के मशीनचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम असलेली चिप, तपासून घेण्याचा हक्क दिला. तपासणार कोण? ज्या कंपनीने मशीन बनवलं तिचेच इंजिनिअर. सोनाराकडे दागिना हिणकस निघाल्याची तक्रार न्यावी आणि कस त्यानेच लावावा, अशातली गत. जळगावच्या सराफ बाजारात असं चालत नाही. तिथे कारागिराला सोनं देताना तोलून देतात, परत घेताना तोलून घेतात, घट किती धरायची तेही आधी ठरलेलं असतं. तो कारागीर वीस वर्षांचा ओळखीचा असला तरी तोलतात, आणि त्याला त्यात अपमान वाटत नाही.

पासपोर्ट काढायचा तर पोलीस दारात येतो, शेजाऱ्यांना विचारतो. मशीन उघडणाऱ्यासाठी त्याहून कमी नको. नेमणुकीचं पत्र थेट मशीन बनवणाऱ्या कंपनीचं असावं, मध्ये तीन एजन्सींची साखळी नसावी. पगार कुठून येतो ते भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावरून तपासावं. कुठल्या पक्षाशी संबंध आहे का, ते लेखी घ्यावं. आणि कुणी कुठल्या नंबरचं मशीन उघडलं हे नोंदवहीत त्याच्या सहीसकट असावं, प्रतिनिधींना ती पाहता यावी. एवढी माहिती गोळा करायला फार पैसा लागत नाही, कुणीतरी ती मागायला लागतं.

नगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे व्हीव्हीपॅटची चिठ्ठी नसते. पडलेलं मत ताडून पाहायला कागदच नाही. मग तिथे मशीन तपासणारा माणूस अधिक नीट पारखून घ्यायला नको का? आपल्या घरासमोरच्या गटारीचा निर्णय याच निवडणुकीतून होतो. म्हणून इथे बसलेल्या सगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांना हात जोडून सांगतो, तपासणीची नोटीस तुमच्या कार्यालयात येते, ती टेबलावर पडून राहू देऊ नका. चहा पिऊन सही करून निघू नका. खुर्ची धरून बसा, यादी मागा, नावं वाचा, चेहरा जुळवा.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. संध्याकाळी गोदाम बंद करताना मी त्याला म्हटलं, बाळा, राग मानू नकोस, पण तुझी सगळी माहिती मला लिहून घ्यायची आहे. मला वाटलं होतं तो चिडेल. त्याने पेचकस खिशात टाकला, खुर्ची ओढली आणि स्वतःच सांगायला लागला, गाव, वडिलांचं नाव, आयटीआयचं साल, आज उघडलेल्या मशीनचे नंबरसुद्धा, त्याने तळहातावर पेनाने लिहून ठेवले होते. म्हणाला, "लिहा साहेब. उद्या कुणी म्हटलं की मशीनमध्ये काही झालं, तर एजन्सी मला ओळखणार नाही. मी कुठल्या टेबलावर बसलो होतो ते तुमच्या कागदावर तरी राहील."