फेस कुठे येतो ते बघा

(दृश्य: कुळागर, सकाळ)
फोंडा तालुक्यातलं हे कुळागर. पोफळींच्या सावलीत निळी टाकी, टाकीत तिलापिया. वर ओट्यावर पालकाचा वाफा, पण त्यात माती नाही. माशांचं पाणी पंपाने वर चढतं, वाफ्यातले जिवाणू त्यातल्या अमोनियाचं नायट्रेट करतात, पालक ते शोषून घेतो. ही जी घळघळ ऐकू येतेय, ती सायफनची. पाणी पुन्हा माशांकडे निघालं.

(जवळून: वाफा)
वाफ्यात भरल्यात तिसऱ्यांच्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांच्या, रिकाम्या शिंपल्या. गोव्याच्या घरात त्यांना काय तोटा! पूर्वी याच शिंपल्या भट्टीत भाजून चुना काढत, त्याचा गिलावा भिंतींना चढे. घरच्या काकींनी त्या वर्षभर साठवल्या, धुतल्या, उन्हात वाळवल्या आणि खडीऐवजी वाफ्यात ओतल्या.

(जवळून: पानं)
हे कोवळं पान. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. पानाला लोह मिळत नाही. चाचणीच्या पट्टीवर पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा, ८. अशा पाण्यात लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. आणि ७ वरून ८ वर गेलं, की अमोनियाचा माशांना विषारी असलेला भाग जवळपास दहापट होतो.

(दृश्य: तीन बशा)
आता हे नीट बघा. पहिल्या बशीत शिंपली, दुसरीत संगमरवराची कपची, तिसरीत चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, तुकडा. वर माडाच्या सुरेचं व्हिनेगर, घरात असतं तेच. शिंपली फसफसली. संगमरवरही. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यात हळूहळू विरघळतात आणि पीएच वर ओढतात. चिरा मात्र गप्प. इथल्या पावसाने युगानुयुगं त्यातला चुना धुऊन नेला, मागे राहिलं ते मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून तो लाल. काळी खडीही बहुधा अशीच गप्प असते, पण प्रत्येक ढिगातले चार खडे तपासावेतच. वाफा भरण्याआधी, दोन मिनिटांत.

(दृश्य: घमेली, लाल पाणी)
काकींनी वाफा रिकामा केला. चिऱ्याचे कठीण तुकडे निवडले, मऊ ते बाजूला टाकले. पहिलं पाणी लाल, दुसरं लाल, पाचवंही लालसर. सातव्या पाण्याला तळ दिसला. मग थोडी थोडी करत खडी वाफ्यात गेली.

(दृश्य: टाकी)
शिंपल्या फेकल्या नाहीत. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार होतं, त्यामुळे पीएच आपोआप खाली येत जातो. तो ६.५ च्या खाली उतरला, की मूठभर शिंपल्यांची ही जाळीची पिशवी टाकीत सोडायची. रोज पट्टी बघायची. ७ च्या जवळ आलं, की दोरी ओढून पिशवी बाहेर.

(जवळून: दोरी, ठिबकणारी पिशवी)