मालकंसाच्या रेघा

(कॉलेजच्या संगीत अंकाच्या प्रकाशनाला केलेलं भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीट केलंय, फार नाही.)

नमस्कार. मागपर्यंत येतोय ना आवाज? येतोय. छान.

विषय असा दिलाय की संगीताचं मासिक काढताना विद्यार्थी काय शिकतो. वेळ पंचवीस मिनिटं, आणि माझ्यानंतर गाणं आहे, म्हणजे तुम्ही खरे कशाला आलायत ते मला कळतंय. तरी पुढच्या दोन रांगा भरल्यात त्याबद्दल आभार. मागच्यांना चहा मिळालेला दिसतोय, पुढच्यांना नाही, हा अन्याय आयोजकांनी बघावा.

मी गणिताचा मास्तर. २०११ साली आमच्या कॉलेजात मुलांना संगीताचा अंक काढायची हुक्की आली आणि तो माझ्या गळ्यात पडला. कारण काय, तर मी एकदा स्टाफरूममध्ये गुणगुणताना सापडलो होतो. सात मुलं, छत्तीस पानं, पाचशे प्रती. माझा सिद्धांत तेव्हापासूनचा आहे, घरचे त्याला कंटाळलेत म्हणून तुम्हाला ऐकवतो. ऐकलेलं गाणं कागदावर आणताना मधल्या मधे बरंच काही गळतं. काय गळलं ते ओळखायला शिकणं, हेच त्या अंकातलं शिक्षण. बाकी सगळं यूट्यूबवर मिळतं.

आता मालकंस या रागाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मी खाली बसत नसतो.

आमच्या अंकात मालकंसातली एक बंदिश, म्हणजे रागात बांधलेलं गाणं, नोटेशनसकट, स्वर लिहून छापायची होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची स्वर लिहायची पद्धत. इथे बसलेल्यांना सांगायला नको, पण कोपऱ्यात काही कॉमर्सवाले दिसतायत म्हणून सांगतो. कोमल, म्हणजे उतरलेल्या स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र, म्हणजे चढलेल्या मध्यमाच्या डोक्यावर उभी, मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वराखाली टिंब, तारातल्या, म्हणजे वरच्या सप्तकातल्या स्वरावर टिंब, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला फुली आणि खालीला, म्हणजे टाळी नसलेल्या जागेला शून्य. भातखंडे स्वतः वकील, त्यामुळे कागदावर संदिग्ध काही राहू नये ही खोड तिथली असावी असं मला वाटतं, पुरावा मागू नका. तर आमच्या एका मुलीने रात्रभर बसून सोळा मात्रांचे रकाने आखून ती बंदिश टाइप केली. युनिकोडमध्ये. आणि आमचा डीटीपीवाला, म्हणजे पानं लावणारा, काम करायचा पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या फॉन्टवर, म्हणजे मजकूर एकातून दुसऱ्यात कन्व्हर्ट करणं आलं. ज्यांनी त्या काळात मराठी मजकूर इकडून तिकडे नेलाय ते आत्ता मनात हसतायत. रफार एकीकडे, अक्षर दुसरीकडे, जोडाक्षरांचं तर विचारू नका. शब्द आम्ही एकेक करून दुरुस्त केले, चार वेळा प्रूफ वाचलं, आणि खुशीत छपाईची प्लेट काढायला पाठवलं.

अंक आला. दोन दिवसांनी एका म्हाताऱ्या गायनशिक्षकांचा फोन, आवाज एकदम गोड. म्हणाले, "सर, तुमच्या अंकातला भिन्न षड्ज आवडला हो, पण वर चुकून मालकंस का छापलंय?"

मला आधी कळेचना. मग अंक उघडला. मालकंसात गंधार, धैवत, निषाद, म्हणजे ग, ध, नि कोमल, आणि कन्व्हर्ट करताना तिन्हींच्या खालच्या रेघा उडाल्या होत्या. सगळ्या. रेघा गेल्या की उरतात सा ग म ध नि, सगळे शुद्ध, आणि तो बरोबर भिन्न षड्ज होतो! म्हणजे साधी चूकसुद्धा आम्हाला करता आली नाही, आम्ही दुसरा राग छापला. टिंबंही गेली होती, त्यामुळे षड्जावरून, म्हणजे सा-वरून, खाली मंद्र निषादाला उतरायचं तिथे गाणाऱ्याने डायरेक्ट वर उडी मारायची. आणि समेच्या फुल्या? त्या ऑपरेटरने काढून टाकल्या होत्या. मी विचारलं, का रे बाबा? तो म्हणाला, "सर, तुम्हीच प्रुफात फुली मारली की मी ते काढतो ना?" यावर काय बोलणार. बरोबर होता तो.

पण खरी गंमत पुढे आहे. ते प्रूफ चार वेळा वाचणाऱ्यांत तिघं जण गाणं शिकणारे होते, एकाने तर गाण्याच्या विशारद परीक्षेचा फॉर्म भरलेला. एकालाही दिसलं नाही, कारण आम्ही वाचत होतो बंदिशीचे शब्द. स्वरांची ओळ कुणी गाऊन बघितलीच नाही. एकदा गायली असती तरी पहिल्या गंधाराला कान टवकारले असते. त्या मुलीने पुढच्या अंकासाठी काय केलं, तर नोटेशन हाताने काढलं, काळ्या पेनने, पट्टी धरून, स्कॅन केलं आणि चित्र म्हणून पानात बसवलं. आणि प्रुफाला आम्ही हार्मोनियम घेऊन बसलो. प्रेसवाले बघत होते. असं प्रूफरीडिंग त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे छापखानाही घातला, तो उगाच नाही. स्वतःच्या नोटेशनच्या खुणांचे छपाईचे खिळे स्वतःजवळ असलेले बरे. हा माणूस पेजमेकर न बघताच शहाणा होता.

चिठ्ठी आली. सात मिनिटं उरलीत. अरे, अजून मूळ विषयाला हात लागायचाय. बरं, भराभर सांगतो.

मुलाखत. आमची एक मुलगी मिरजेला एका तानपुरे बनवणाऱ्या चाचांकडे गेली, जवारी, म्हणजे तारेचा आवाज खुलावा म्हणून घोडी घासणं, कशी काढतात ते विचारायला. फोनवर दीड तास रेकॉर्ड करून आली. उतरवायला बसली तर काय, "हे बघ, हे असं घासायचं... आता ऐक... आता? हां, मग हे असं." पानभर नुसतं हे असं, हे असं. रडकुंडीला आली. परत गेली, या वेळी फोन पिशवीत ठेवून हातांकडे बघत बसली. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस किती हलकी फिरते, तारेखाली दोरा कुठे सरकवला की आवाज एकदम खुलतो, चाचा मान कुठे कलवतात, भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा म्हणून कसा वाजवून घेतात. दोन पानं झाली. अंकातलं सगळ्यात चांगलं लिखाण ते, आणि ती मुलगी सायन्सची.

शब्द. मी सात शब्दांवर बंदी घातली होती. अप्रतिम, मंत्रमुग्ध, तल्लीन, स्वर्गीय, सुमधुर, रंगतदार आणि "रसिकांची मने जिंकली". पोरं म्हणाली, मग लिहायचं काय? मी म्हटलं, तोच तर प्रश्न आहे. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं किती वेळ चाललं, तानेत दम कुठे घेतला, ते लिहा. दोघं जण पुढच्या कार्यक्रमाला वही घेऊन बसले. एकजण लिहायचंच सोडून जाहिराती गोळा करायला लागला. तोही लागतोच, मिठाईवाल्याकडून पैसे काढणं खयाल गाण्यापेक्षा अवघड.

पानं. सेंटर पिनचा, म्हणजे मधोमध पिन मारलेला अंक असेल तर पानं चारच्या पटीत, छत्तीस म्हणजे छत्तीस, सदतिसावं नाही. गायिका गौहरजानने १९०२ साली तीनेक मिनिटांच्या तबकडीत राग बसवला आणि शेवटी आपलं नावही सांगितलं. आपल्याला नऊशे शब्दांचे सहाशे करायला काय होतंय? तोडायचं कुठे हे ज्याचं त्याने ठरवायचं. दुसऱ्याने तोडलं की बरोबर सम जाते.

आणि फोटो, ही माझी जुनी तक्रार आहे. चौकटीत बसत नाही म्हणून कडेचा कापतात. कडेला कोण असतं? तबलजी. तो वाचला तर मागचा तानपुरा जातो. फोटोखालच्या ओळीत लिहितात "गायक अमुक आणि साथीदार". साथीदाराला आईबापांनी नाव ठेवलेलं नसतं काय? पहिल्या अंकात आम्हीही तेच केलं, आणि ज्या मुलाचा फक्त गुडघा छापून आला होता तो आमच्याच वर्गातला निघाला. त्याची आई पाच प्रती घेऊन गेली होती.

दुसरी चिठ्ठी. बरं, बरं, उठतोय. मागे तानपुरे जुळवायला लागलेच आहेत. संपादक मंडळ कुठंय? हां, तू. आज तानपुऱ्यावर कोण बसतंय? माहिती नाही? मग आत्ताच आत जा आणि दोघांची नावं लिहून घे, आडनावासकट, आणि त्यांनाच वाचून दाखव.