रंग, उजेड आणि नखातली बुरशी

मंडळी, मघाशी चहा घेताना एका आजींनी मला गाठलं आणि विचारलं, "डॉक्टर, लाल दिवा घरी आणून पाय धरला त्याच्यासमोर, तर नख बरं होईल का हो?" आजी, पाय उबदार होईल, एवढंच. नुसत्या उजेडाचं हे काम नाही. आधी बुरशीला रंग लावायचा, मग त्यावर उजेड टाकायचा, तेव्हा ती मरते; यालाच प्रकाशोपचार म्हणतात.

ही भानगड पहिल्यांदा लक्षात आली ती म्युनिकमध्ये, ऑस्कर राब नावाच्या विद्यार्थ्याच्या. पॅरामेशियम या एकपेशीय जीवावर तो अ‍ॅक्रिडीन रंगाचा परिणाम पाहत होता. रंग तोच, प्रमाण तेच. पण जीव कधी पटकन मरायचे, कधी तासन्‌तास जगायचे. शेवटी ध्यानात आलं की एका प्रयोगाच्या वेळी बाहेर वादळ होतं, खोलीत अंधारलेलं होतं. 1900 साली त्याने हे प्रसिद्ध केलं. त्याचे गुरू हेर्मान फोन टापायनर यांनी पुढे दाखवलं की रंग आणि उजेड यांच्या जोडीला प्राणवायूही लागतो.

रंगाचा रेणू उजेड शोषतो आणि ती ऊर्जा शेजारच्या प्राणवायूला देतो. तो प्राणवायू मग असा पिसाळतो, की समोर जे येईल ते जाळत सुटतो. पण त्याचं आयुष्य क्षणाचंही नाही; मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकंही अंतर त्याला धड कापता येत नाही. म्हणून रंग बुरशीला चिकटलेला असला तरच उपयोग.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. टर्बिनाफिन ही बुरशीवरची गोळी बुरशीच्या एकाच एन्झाइमला धरते. त्या एन्झाइमच्या जनुकात बदल झाला की गोळी फुकट. आपल्याकडे गजकर्णात हे आता सर्रास दिसतं. स्टेरॉइड मिसळलेली मलमं आपण मनानेच चोळत बसतो, त्याने दुखणं आणखी चिघळतं, ते वेगळंच. प्रकाशोपचारात मात्र बुरशीच्या पेशीचं आवरण, आतली प्रथिनं, सगळीकडेच एकदम आग लागते. कुठे म्हणून बदलणार ती?

मग हे सगळ्यांना का देत नाही? कंबर, मांड्या, पाठ, असं पसरलेलं गजकर्ण दिव्याखाली किती वेळ धरणार? आणि नखात अडचण पोहोचण्याची आहे. पायाच्या अंगठ्याचं बुरशी लागलेलं नख म्हणजे जाड, पिवळं, ठिसूळ कवच. ते आधी 40 टक्के युरियाच्या मलमाने मऊ करायचं, कानशीने घासायचं, मग मिथिलीन ब्लू हा निळा रंग लावायचा. ब्राझीलमधल्या एका अभ्यासात 2 टक्के मिथिलीन ब्लू आणि 630 नॅनोमीटरचा लाल एलईडी, असे उपचार दर पंधरा दिवसांनी 24 आठवडे केले होते. घासण्याने तिथे फरक पडला. (मोजे जुने घालून या, निळा डाग जात नाही.) अभ्यास अजून लहान आहेत. त्यामुळे यकृताच्या तक्रारीमुळे ज्यांना गोळी चालत नाही, त्यांच्यासाठी मी आधी याचा विचार करेन, सरसकट नाही.

उपचार लागू पडतोय का हे कळावं म्हणून नखाच्या मुळाशी, निरोगी भागाच्या कडेला, मी ब्लेडने एक बारीक रेघ ओढतो. अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. पुढच्या खेपेला रेघ तेवढी पुढे सरकलेली आणि तिच्या मागचं नख गुलाबी दिसलं, की पुढची तारीख देतो. पिवळा पट्टा रेघ ओलांडून मागे आला असेल, तर दिवा बंद करून नख खरवडून पुन्हा तपासायला पाठवतो.