पहिलं सिझर आणि पुढचं बाळंतपण

श्रोतेहो, नमस्कार.

बाळ झाल्याचा फोन आला की आपल्याकडं लगेच विचारतात, नॉर्मल की सिझर? सिझर म्हटलं की पलीकडचा माणूस हळहळतो, नाहीतर डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडतो. मी स्वतः सिझर करणारी डॉक्टर आहे, तेव्हा ही बोटं माझ्याही नावानं मोडली जातात. आणि सगळीच विनाकारण मोडली जातात, असं मला म्हणता येणार नाही.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बघा. देशात शंभरातली साधारण २१ बाळंतपणं सिझरनं झाली, महाराष्ट्रात २५, गोव्यात जवळजवळ ४०. देशभरच्या सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४ आणि खासगीत ४७. अवघड केसेस खासगीत जातात म्हणून हा फरक पडतो, हे मला पटत नाही. झटके येणारी, अंगावरून रक्त जाणारी बाई कितीतरी वेळा शेवटी जिल्हा रुग्णालयात नाहीतर मेडिकल कॉलेजातच पाठवली जाते.

तरीही जिला सिझर लागतं, तिला ते वेळेवरच मिळालं पाहिजे. वार, म्हणजे बाळाला पोसणारी प्लासेंटा, गर्भपिशवीच्या तोंडावर आलेली असणं, बाळ आडवं असणं, पाण्याबरोबर नाळ बाहेर येणं, बाळाचे ठोके उतरून परत न चढणं. अशा वेळी 'अजून थोडं थांबू' म्हणणारे नातेवाईक बाईचा आणि बाळाचा जीव टांगणीला लावतात. पण सोनोग्राफीत नाळ गळ्याभोवती दिसली, एवढं एकच कारण पुरेसं नाही. कितीतरी बाळं गळ्यात नाळेचा वेढा घेऊन सुखरूप जन्मतात.

आणि मुहूर्त! पत्रिका चांगली यावी म्हणून तारीख-वेळ काढून आणणारे आजोबा भेटतात, तेव्हा मी त्यांना बाळाच्या फुप्फुसांबद्दल सांगते. पोटात असताना फुप्फुसांत पाणी असतं. कळा सुरू झाल्या की शरीरात होणाऱ्या बदलांमुळं ते शोषलं जाऊ लागतं. कळांआधीच ठरवून काढलेल्या बाळाला ही तयारी मिळत नाही. डेन्मार्कमधल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की ठरवून केलेल्या सिझरनंतर श्वासाचा त्रास होण्याची शक्यता नॉर्मलच्या तुलनेत ३७व्या आठवड्यात जवळजवळ चौपट, ३८व्यात तिप्पट आणि ३९व्यात दुप्पट होती. म्हणून दुसरं काही कारण नसेल तर ठरवलेलं सिझर ३९ आठवडे भरल्यावरच करतात. ग्रह चांगले आणि बाळ काचेच्या पेटीत, याला काय अर्थ आहे?

आता ज्यासाठी मी आज बोलायला आले, ते सांगते. सिझरची खरी किंमत बहुतेक वेळा त्या बाळंतपणात कळतच नाही. पोटावरचे टाके भरतात, बाई घरी जाते. पिशवीवर मात्र व्रण राहतो, आणि पुढच्या वेळी वार नेमकी त्या व्रणावर खाली रुजली तर ती आत घुसून चिकटू शकते. आधी एक सिझर झालेल्या आणि या वेळी वार खाली असलेल्या शंभर बायकांमध्ये साधारण ११ जणींत असं होतं. आधी दोन सिझर झालेली असली तर ४० जणींत. मग रक्ताच्या बाटल्यांवर बाटल्या लागतात, प्रसंगी पिशवीच काढावी लागते. म्हणून आधी सिझर झालं असेल तर सोनोग्राफीच्या वेळी वार कुठं आहे, हे आवर्जून विचारा.

'एकदा सिझर म्हणजे पुढं सिझरच' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते एडविन क्रॅगिन नावाच्या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९१६ मध्ये लिहिलं. तेव्हा पिशवीला वरच्या भागात उभा छेद द्यायचे आणि तो पुढच्या कळांत फाटण्याची भीती मोठी होती. क्रॅगिन यांचा रोख होता, पहिलं सिझर करताना दहा वेळा विचार करा. आपण विचार तेवढा वगळला आणि वाक्य ठेवलं.

आज छेद पिशवीच्या खालच्या भागात, आडवा देतात. असं एकच सिझर झालेलं, कारण पुन्हा उद्भवणारं नाही, बाळ डोक्याकडून आहे, अशा बाईनं नॉर्मलचा प्रयत्न केला तर शंभरातल्या ६० ते ८० जणी नॉर्मल बाळंत होतात. आधी एखादं नॉर्मल झालेलं असेल तर आणखी जास्त. व्रण फाटण्याचा धोका आहे, हजारात साधारण ५. आकडा लहान आहे, पण फाटला तर मिनिटांचा खेळ असतो. म्हणून हा प्रयत्न घरी नाही, गावातल्या उपकेंद्रातही नाही. जिथं रक्त, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशनची सोय रात्रीही हाताशी आहे, तिथंच.

पण छेद कसा दिला होता हे डॉक्टरांना कळणार कसं? पोटावरची खूण आडवी असली तरी आतला छेद तसाच असेल असं नाही. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'सिझर' लिहिलेलं असतं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं असल्यानं कार्डही तिकडंच कपाटात. तेव्हा दवाखाना सोडण्यापूर्वी दोन गोष्टी लिहून मागा: सिझर का केलं, आणि पिशवीवर छेद कसा दिला. बाईच्या सासरी एक प्रत ठेवा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

पहिल्या काही दिवसांबद्दल थोडंसं. सिझर झालं म्हणून चीक द्यायला उशीर करायचं कारण नाही. आई शुद्धीवर असते, बाळ पहिल्या तासात छातीशी देता येतं. मणक्यातल्या इंजेक्शननं जन्माची कंबरदुखी लागते, ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. आणि सरकारी रुग्णालयात २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधं, रक्त आणि सात दिवसांपर्यंतचं जेवण मोफत आहे.

दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल तर कळांमध्ये व्रण फाटण्याचा धोका वाढतो. त्यामुळं पाळणा लांबवणं इथं जास्तच गरजेचं. सिझरच्या वेळीच तांबी बसवता येते. मात्र बाईला ते आधी, नवव्या महिन्याच्या तपासणीत शांतपणे विचारलेलं हवं. टेबलावर झोपवल्यावर, नवऱ्याची सही घेऊन नव्हे.